शिक्षण-नोकरी : इनचार्जची खुर्ची आणि दोन वर्षांची पदवी



या पानाकडे जे प्रश्न येतात त्यांत निम्मे तरी नर्सिंगचे असतात, आणि त्यात नवल काही नाही. आपल्या बेने इस्राएल घरांत एखादी मावशी, आत्या, नाहीतर सून तरी या कामात सापडतेच. मुंबईच्या वॉर्डात तिला 'सिस्टर' म्हणत, इथे आल्यावर ती 'अखोत' झाली. अर्थ दोन्हीकडे बहीणच. पुरुष असला तर तिकडे 'ब्रदर' आणि इकडे 'अख', म्हणजे भाऊ. वॉर्ड सांभाळणारी तिकडे 'इनचार्ज सिस्टर' आणि इथे 'अखोत अखराईत'. अखराईत म्हणजे जबाबदार. या वेळचा सगळा विषय या एका शब्दाभोवती आहे.

ठाण्याहून एका बाईंचं पत्र आलं आहे. नावगाव आम्ही छापत नाही. त्यांचा मुलगा जी.एन.एम. म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेला, भारतीय पासपोर्टवर कतारला गेलेला. नऊ वर्षं दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात एका खाजगी दवाखान्यात काम करतोय. तिथल्या इनचार्जची जागा रिकामी झाली तेव्हा सगळे धरून चालले होते की हाच होणार. झाली ती चार वर्षांपूर्वी आलेली फिलिपिनो मुलगी. याला सांगितलं, तुझं काम उत्तम आहे, पण तुझ्याकडे पदवी नाही. बाई विचारतात, "नऊ वर्षं रात्रपाळ्या केल्या त्याला काही किंमत नाही का?" आणि पत्राच्या शेवटी हळूच आणखी एक गोष्ट लिहिली आहे. एक एजंट भेटलाय. तो म्हणतो, दक्षिणेतल्या एका कॉलेजची पोस्ट बेसिक बी.एस्सी. मिळवून देतो, कॉलेजात जायची गरज नाही, फक्त परीक्षेला या. घ्यावी का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो : घेऊ नये. कारण पुढे येईल. पहिला प्रश्न जास्त अवघड आहे.

इंडस्ट्रियल एरिया म्हणजे काय हे इथल्या आपल्या वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. दोहाच्या नैऋत्येला हा पट्टा आहे. रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पत्ता सांगायचा तो 'स्ट्रीट अमुक, गेट तमुक' असा. गॅरेजं, वेअरहाऊस, सिमेंटच्या गाड्या, टायरवाले, आणि त्यांच्यामध्ये कामगारांचे कॅम्प. नेपाळी, बांगलादेशी, भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकेचे, आता केनिया-युगांडाचेही. जवळजवळ सगळे पुरुष, सगळे घर सोडून आलेले. जवळच एशियन टाऊन आहे, तिथे क्रिकेटचं स्टेडियम, सिनेमा आणि मॉल. शुक्रवारी संध्याकाळी तिकडे गेलं तर परळ-लालबागच्या जुन्या दिवसांची आठवण व्हावी अशी गर्दी, फक्त बायका नाहीत.

इथल्या कामगारांसाठी कतार रेड क्रेसेंटने चालवलेली आरोग्य केंद्रे आहेत. शिवाय २०१८ पासून हझम मबैरीक जनरल हॉस्पिटल हे सरकारी रुग्णालय इंडस्ट्रियल एरियातच सुरू झालं. ते हमद मेडिकल कॉर्पोरेशनचं आहे आणि मुख्यतः पुरुष कामगारांसाठी बांधलेलं. १७ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे या भागातले स्ट्रीट १ ते ३२ बंद केले गेले, आत-बाहेर जायला बंदी. मे महिन्यात टप्प्याटप्प्याने उघडले. त्या काळात हझम मबैरीक पूर्णपणे कोविडचं हॉस्पिटल झालं होतं. अशा ठिकाणी वॉर्डाची इनचार्ज कोण, हा कागदी मानापानाचा प्रश्न राहत नाही. रात्री दोन वाजता कोणाला कुठे उभं करायचं हे ठरवणारं माणूस लागतं.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. फिलिपिनो मुलगी पुढे का गेली?

तिच्यावर मेहेरबानी कोणी केली नाही. तिच्या देशात नर्स व्हायचा रस्ताच एक आहे. २००२ च्या त्यांच्या नर्सिंग कायद्याप्रमाणे लायसन्सच्या परीक्षेला बसायला नर्सिंगची पदवी लागते. म्हणजे तिकडून येणारी प्रत्येक रजिस्टर्ड नर्स पदवीधर असते, हुशार असो की यथातथा. आपल्या भारतात दरवाजे दोन आहेत. बारावीनंतर चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, नाहीतर तीन-साडेतीन वर्षांचा जी.एन.एम. डिप्लोमा. दोघींना कौन्सिल रजिस्टर करते, दोघी एकाच वॉर्डात एकच इंजेक्शन देतात. घरची परिस्थिती बेताची असली की डिप्लोमा, हे ठरलेलं. कारण स्टायपेंड मिळायचा, होस्टेल मिळायचं आणि लवकर कमाई सुरू व्हायची. आपल्या किती मुलींनी याच हिशेबाने डिप्लोमा केला ते आम्हाला सांगायला नको.

मुंबईत राहून नोकरी केली असती तर हा फरक जाणवलाही नसता. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत शिडी वेगळी आहे : अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. जुन्या भाषेत स्टाफ नर्स, इनचार्ज सिस्टर, असिस्टंट मेट्रन, मेट्रन. या शिडीवर वर चढवणारी मुख्य गोष्ट सेवाज्येष्ठता. माणूस टिकला, रजिस्टरवर लाल शेरा नाही, की नंबर लागतो. केस पिकेपर्यंत का होईना पण लागतो. बाईंच्या डोक्यात हीच शिडी आहे, कारण त्यांनी आयुष्यभर तीच पाहिली. आखातात ती शिडी नाही. तिथे प्रत्येक पदाची जाहिरात निघते, जाहिरातीत शिक्षण लिहिलेलं असतं, आणि चाळणी लावणारा माणूस पहिला रकाना तोच पाहतो. अनुभवाचा रकाना नंतरचा. पहिल्या रकान्यात बसला नाही तर दुसरा कोणी वाचतच नाही.

हा नियम कतारने एकट्याने काढलेला नाही. अमेरिकेत 'मॅग्नेट' नावाचा एक शिक्का आहे, चांगल्या नर्सिंगबद्दल रुग्णालयांना मिळणारा. तो हवा असेल तर तिथल्या प्रत्येक नर्स मॅनेजरकडे नर्सिंगची पदवी असावीच लागते, आणि सगळ्यात वरच्या नर्सिंग प्रमुखाकडे मास्टर्स. जगातली मोठी हॉस्पिटलं असल्या शिक्क्यांच्या मागे असतात. इथे इस्राएलातही पदवीशिवाय अखराईतच्या खुर्चीकडे कोणी बघू नये अशीच परिस्थिती आहे. हदास्साची नर्सिंग शाळा १९१८ ची, पण पदवीचा अभ्यासक्रम तिथे १९७५ साली आला. म्हणजे आपल्यातल्या पन्नास-साठच्या दशकात आलेल्या बायकांच्या वेळी इथेही बहुतेक सगळ्या डिप्लोमावाल्याच होत्या. तेव्हा त्यांना हिब्रू शिकून परीक्षा द्यावी लागली, कागदांची भाषांतरं करावी लागली. पण खुर्ची पदवीमागे दडलेली नव्हती. आता आहे.

नियम न्याय्य आहे का? आमचं मत विचाराल तर अर्धा.

नियमाच्या बाजूने जे नेहमी पुढे केलं जातं ते लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००३ सालचं संशोधन. पेन्सिल्व्हेनियातल्या रुग्णालयांत त्यांनी पाहिलं की पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ऑपरेशन झालेले रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या पाहणीत साधारण तशीच गोष्ट दिसली. आकडे खोटे नाहीत. पण नीट वाचा : हे खाटेजवळ उभ्या असलेल्या नर्सेसबद्दल आहे, खुर्चीत बसलेल्या मॅनेजरबद्दल नाही. आणि आपल्याकडच्या जी.एन.एम. मुलींनी, मुलांनी वॉर्डात जेवढे तास घालवलेले असतात तेवढे पुष्कळ पदवीधरांनी घालवलेले नसतात, हे कुठल्याही डॉक्टरला खाजगीत विचारा. तेव्हा 'डिप्लोमावाला कच्चा' असं कोणी म्हटलं तर आम्ही ते ऐकून घेणार नाही.

पण इनचार्जचं काम खाटेजवळचं काम नाही, आणि नियमाचा उरलेला अर्धा भाग इथे बरोबर ठरतो. एक साधा हिशेब घ्या. दवाखान्यात एक नर्स चोवीस तास, सातही दिवस उभी पाहिजे. आठवड्याचे तास झाले १६८. कतारच्या कामगार कायद्यात आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास. भागाकार केला तर साडेतीन माणसं. पण माणसाला रजा असते : कायद्याने पाच वर्षांपर्यंत वर्षाला तीन आठवडे, पुढे चार. आजारपण, सणांच्या सुट्ट्या, ट्रेनिंगचे दिवस धरा. एका खुर्चीला चार माणसं लागली. एका वेळी पाच नर्सेस हव्या असतील तर वीस. मालक म्हणतो पंधरात भागवा. आणि रमजानमध्ये कायद्याची मर्यादा आठवड्याला ३६ तासांवर येते. मग त्याच एका खुर्चीला रजा न धरताच साडेचारच्या वर माणसं लागतात. हा हिशेब कागदावर मांडून, मालकासमोर ठेवून, "पंधरात होणार नाही, आणि का होणार नाही ते हे बघा" असं सांगता येणं म्हणजे इनचार्ज. नुसती चांगली ब्रदर असलेला माणूस इथे काय करतो? तो स्वतः जास्त पाळ्या करतो. आमचा अंदाज आहे की बाईंच्या मुलाने नऊ वर्षं तेच केलं असावं.

दुसरं उदाहरण उन्हाचं. कतारमध्ये २००७ पासून उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी आहे. २०२१ मध्ये नियम कडक केला : १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन काम बंद, आणि उष्णता-दमटपणाचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला तर दिवसाच्या कुठल्याही वेळी बंद. म्हणजे इंडस्ट्रियल एरियातल्या दवाखान्याला उन्हाची कॅलेंडरवरची तारीख आधीच माहीत असते. सलाईनचा साठा, बर्फ, जादा खाटा, संध्याकाळच्या पाळीत माणसं वाढवणे, हे मे महिन्यात ठरलं पाहिजे. आणि जून-जुलै म्हणजे तर मुलांच्या शाळांच्या सुट्ट्या, सगळ्यांना रजा पाहिजे. कोणाला हो म्हणायचं, कोणाला नाही, आणि नाही म्हटलेल्याने ऑक्टोबरपर्यंत तोंड फिरवू नये हे कसं करायचं? मागच्या उन्हाळ्यात किती केसेस आल्या, किती वाजता आल्या, कुठल्या कॅम्पातून आल्या, हे लिहून ठेवलं असेल तर तो कागद बोलतो. नसेल तर आरडाओरडा.

(इथे एक आपल्या घरातली गोष्ट. तिकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. आपला माणूस साधा ब्रदर असला तर शुक्रवार दुसऱ्याला देऊन शनिवार मागून घेतो, कशासाठी ते फार कोणाला सांगत नाही. पण रोस्टर स्वतः लिहायला लागला की पहिला मोह हाच, सगळे शब्बाथ स्वतःच्या नावावर. पहिल्या महिन्यात असं केलं तर वर्षभर कोणी ऐकणार नाही. आजाऱ्यासाठी शब्बाथ मोडायला आपल्या धर्मात पिकुआख नेफेशची परवानगी आहे, ती चांगल्या इनचार्जच्या फार उपयोगी पडते.)

असलं शिक्षण पदवीत मिळतं का? थोडंफार मिळतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षीही वॉर्ड मॅनेजमेंटची तोंडओळख असते. पोस्ट बेसिक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नर्सिंग सर्व्हिस ॲडमिनिस्ट्रेशन हा विषय, शिवाय संशोधन आणि संख्याशास्त्राची ओळख. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नर्सिंग मॅनेजमेंट सगळ्यांनाच असतो, स्पेशालिटी कुठलीही घ्या. बजेट, माणसांची मोजणी, गुणवत्ता तपासणी, चौकशीचे अहवाल. पुस्तकातून कोणी इनचार्ज होत नाही हे खरं, पण नऊ वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाने ते पुस्तक वाचलं तर त्याला पानोपानी आपला दवाखाना दिसतो. बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्याला तसं दिसत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, बाईंच्या मुलाचं वय गेलेलं नाही, उलट वेळ आत्ताच आहे.

आता रस्ते.

सरळ रस्ता म्हणजे घरी येऊन दोन वर्षांची नियमित पोस्ट बेसिक बी.एस्सी. करणे. त्याला जी.एन.एम. पास, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि बारावी लागते. फार पूर्वी दहावीवर डिप्लोमाला गेलेल्यांनी बारावीचं आधी बघून घ्यावं, पुष्कळांचं घोडं तिथेच अडतं. महाराष्ट्रातली नर्सिंग कॉलेजं बहुतेक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. मुंबईत जे.जे. रुग्णालयाच्या आवारात सरकारी नर्सिंग शिक्षण संस्था आहे. एस.एन.डी.टी.चं लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४ चं, नावाजलेलं, पण ते महिला विद्यापीठ, आपल्या ब्रदरला तिथे जागा नाही. मुलींच्या आयांनी मात्र ते नाव लिहून ठेवावं.

दोन वर्षं पगार नाही, हे खरं दुखणं. इथेही जरा हिशेब करू. कतारच्या कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना दर वर्षामागे कमीत कमी तीन आठवड्यांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. नऊ वर्षांचे झाले सत्तावीस आठवडे, म्हणजे सहा महिन्यांहून थोडा जास्त मूळ पगार. भत्ते त्यात धरत नाहीत, ते लक्षात ठेवा. दोहाच्या पगाराचे सहा महिने म्हणजे ठाण्यात फी आणि साधा खर्च भागवायला बरीच मदत झाली. बाकीचं आधी साठवावं लागेल. म्हणून या वर्षी राजीनामा देऊ नये. आधी बचत, मग प्रवेश पक्का, मग राजीनामा, हा क्रम उलटा करू नका. आणि परत जायची भीती पूर्वीइतकी नाही. २०२० च्या सुधारणेनंतर कतारमध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत नाही. पदवी घेऊन आल्यावर त्याच दवाखान्यात तोंड दाखवायला पाहिजे असं नाही.

दुसरा रस्ता इग्नूचा. १९९४ पासून त्यांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी आहे, कमीत कमी तीन वर्षांचा. पण 'दूरशिक्षण' या शब्दाने फसू नका. अभ्यास केंद्रावर हजेरी आणि प्रात्यक्षिकं भारतात करावी लागतात. दोहात बसून ते जमेलच असं नाही. ज्याच्या मनात हा रस्ता आहे त्याने पैसे भरण्याआधी कतारच्या आरोग्य मंत्रालयाच्या लायसन्स खात्याला लेखी विचारावं की ही पदवी कशी धराल. उत्तर हातात आल्यावरच फॉर्म भरावा.

तिसरा रस्ता तिथेच शिकायचा. कॅनडाच्या कॅल्गरी विद्यापीठाने २००७ साली दोहात नर्सिंगची शाखा काढली, तेव्हा तिथे डिप्लोमावाल्या नोकरदार नर्सेससाठी पदवीचा वेगळा वर्ग ठेवला होता. कतार देशाला ही अडचण ठाऊक आहे याचा तो पुरावा. अलीकडे कतार युनिव्हर्सिटीचंही नर्सिंग कॉलेज झालं आहे. इंडस्ट्रियल एरियातून दिवसभराच्या पाळीनंतर शहरात वर्गाला जायचं, इंग्रजीत निबंध लिहायचे, फी भरायची, हे सरकारी हॉस्पिटलच्या नर्सला जमतं, कारण तिच्या मागे संस्था असते. छोट्या खाजगी दवाखान्यातल्याला मालक तास सोडेल तर. नियमाचा अन्यायाचा भाग हा आहे. ज्यांना पदवीची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याच हातात वेळ सगळ्यात कमी.

आणखी एक चौथा रस्ता हल्ली मुलं फार विचारतात : नर्सिंग सोडून हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एम.बी.ए. करू का? डिप्लोमावर उडी मारून एम.बी.ए. केलं तर माणूस ऑफिसात जाईल, ॲडमिनिस्ट्रेशनला बसेल, पण नर्सिंगची खुर्ची त्याला मिळणं कठीणच. नर्सेसवर नर्सच बसवतात, आणि तिच्याकडे पदवी नर्सिंगचीच मागतात. आधी पोस्ट बेसिक, मग पाहिजे तर एम.बी.ए. किंवा एम.एस्सी. आणि एम.एस्सी.ची इच्छा असेल तर पदवीला नुसतं पास होऊन चालत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने एकूण ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. अनुभव आपल्या माणसाकडे ढीगभर आहे. टक्के मात्र तेव्हाच मिळवावे लागतात, नंतर सुधारता येत नाहीत. पन्नास टक्क्यांवर समाधान मानणारा माणूस हेड नर्सपर्यंत जाईल, डायरेक्टरचा दरवाजा त्याने स्वतःच लावून घेतला.

आता तो एजंट. कतारमध्ये नर्सची कागदपत्रं डेटाफ्लो नावाची कंपनी तपासते. ती तुमच्या हातातलं सर्टिफिकेट बघून थांबत नाही, ज्याने ते दिलं त्या कॉलेजला आणि विद्यापीठाला विचारते : हा विद्यार्थी तुमचाच का, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, नियमित होता का. समजा एजंटने सगळं 'फिट' केलं आणि कॉलेजने हो म्हटलं. तरी काय? त्याच दोन वर्षांच्या तारखांना आपला माणूस दोहात हजर होता. त्याचा पगार बँकेत जमा झाला, त्याच्या पासपोर्टवर शिक्के आहेत, अनुभवाच्या दाखल्यावर त्याच तारखा आहेत. एक माणूस सोमवारी सकाळी दक्षिणेतल्या वर्गात आणि त्याच सोमवारी स्ट्रीट अमुकच्या ड्रेसिंग रूममध्ये कसा? हा प्रश्न विचारायला कोणी हुशार पोलीस लागत नाही, साधा कारकून पुरतो. आणि तपासणीत एकदा 'खोटं' असा शेरा बसला की नुसती नवी पदवी जात नाही. जुन्या, खऱ्या डिप्लोमावर मिळालेलं लायसन्सही धोक्यात येतं. नऊ वर्षं घामाने मिळवलेलं. बाई, मुलाला सांगा, एजंटला नमस्कार करून वाटेला लाव.

काही वाचक म्हणतील, एवढं सगळं कशाला, अलिया करून इकडे यावं. जरूर यावं, दार उघडं आहे. पण अलिया करायची ती अलियासाठी. इनचार्जच्या खुर्चीचा जवळचा रस्ता म्हणून नको. इथे आधी उल्पान, मग आरोग्य मंत्रालयाची परीक्षा, मग पहिल्यापासून साध्या पाळ्या, आणि मग पुन्हा तोच पदवीचा प्रश्न हिब्रूत. पदवी हातात घेऊन आला तर इथलं कामही हलकं होईल.

पदवीने खुर्ची मिळते ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. डॉ. जेरूशा झिराड यांचं नाव तुम्हाला सांगायला नको. मुंबईची डॉक्टरी १९१२ साली झाली होती, प्रॅक्टिस करता आली असती. पण त्या सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. पहिलं महायुद्ध चालू असताना तिथेच राहिल्या, १९१९ साली एम.डी. घेतली आणि परत आल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटल त्यांच्या ताब्यात होतं. आपल्यातल्या किती जणींचा जन्म तिथला! कामात सिस्टर म्हणून शिकलेल्या आपल्या बायकांना त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी ऐकायला मिळत. काहींना त्यांचा धाक होता असंही ऐकलं आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

बाईंना शेवटी एवढंच काम सांगतो, कारण हे ठाण्यात बसून त्यांनाच करता येईल. मुलगा पुढच्या रजेवर येण्याआधी त्याच्या डिप्लोमाच्या सगळ्या वर्षांच्या मार्कशीट शोधून ठेवा. बारावीचं सर्टिफिकेटही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. परदेशी गेलेली मुलं हे हमखास विसरतात, तेव्हा तारीख आजच बघा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर, डिप्लोमावर आणि रजिस्ट्रेशनवर एकच आहे का ते तपासा. आपल्या नावांची इंग्रजीत फार ओढाताण होते, कुठे सॅम्युएल, कुठे शमुएल, कुठे वडिलांचं नाव आधी, कुठे गावाचं आडनाव. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. आणि मुलाला सांगा, दोहातल्या दवाखान्याकडून नऊ वर्षांचा अनुभवाचा दाखला नोकरीत असतानाच लेटरहेडवर, शिक्क्यासह मागून घे. राजीनामा दिल्यावर तो मिळायला फार दिवस लागतात.